अर्ध्या बोटाची फट

मी बोलतोय. ऐकता ऐकता मधेच बारीक शिट्टी कानावर आली तर दचकू नका, आणि लगेच माझ्यावर आळही घेऊ नका. तेवढी सवय लोकांना लागलीच आहे.

मी एअर फिल्टर. चारचाकीच्या बॉनेटखाली जो काळा डबा असतो, त्यात बसणारा. अंग कागदाचं, घड्याघड्यांचं. भोवती नारिंगी रबराची कड. इंजिनाला श्वास घ्यायचा तर तो माझ्यातूनच. हवा आत जाते, धूळ माझ्या अंगावर राहते. एवढंच माझं आयुष्य. त्यात भुताखेताचं काय काम, असं मलाही वाटायचं.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. गरम गोंदाचा वास, घड्या घालणारं मशीन, मग खोका. खोक्यातून थेट नांदेडला, देगलूर नाक्याजवळ जलीलभाईच्या स्पेअर पार्टच्या दुकानात. मांडणीवर माझ्यासारखे पुष्कळ होते. कुणी लांबोडके, कुणी गोल, कुणी माझ्यापेक्षा बोटभर रुंद. लांबून बघाल तर सगळे सारखेच. पण आमच्या जातीत अर्ध्या बोटाला किंमत असते बाबांनो. डब्यात शिरलो म्हणजे बसलो असं नाही. चारही बाजूंनी रबर दाबून बसलं पाहिजे, हवेला दुसरी वाट मिळता कामा नये.

एक दिवस मुकुल दुकानात आला. मुखेडचा, बँकेत नोकरीला, कायम घाईत. गाडी त्याच्या वडलांची.

"कोनत्या सालातली हाय गाडी?" जलीलभाईनं विचारलं.

"एकोणीसची."

"पक्कं ना? मधी मॉडेल बदललं हाय तिचं. जुना फिल्टर संगं आनला असता तर माप लावून दिलं असतं."

"तो टाकून दिला ओ, पार मातीचा झाला होता. एकोणीसचीच आहे, मी स्वतः नारळ फोडलाय."

इथंच सगळं घसरलं. गाडी बनलेली सोळाची. तीन वर्षं ती तेलंगणात, बोधनच्या एका डॉक्टरकडं होती. पण आपल्याकडं गाडीचं वय दारात आल्यापासून धरतात. चाकाखाली लिंबू ठेवलं, बॉनेटवर स्वस्तिक काढलं, की त्या दिवशी ती जन्मली. सुनेचं माहेरचं नाव पुसतात तसं गाडीचं माहेरचं साल यांनी पुसून टाकलं. मुकुल खोटं बोलला नाही. घरात सगळे तसंच म्हणायचे.

"न्हाई बसला तर बदलून देतो," असं म्हणून जलीलभाईनं मला काढून दिलं. मुखेडला नेऊन मुकुलनं मला डब्यात टाकलं, झाकण दाबलं, क्लिपा लावल्या. "बसला की!" म्हणाला आणि हात झटकले.

कसला बसतोय कपाळ! एका अंगाला अर्ध्या बोटाची फट राहिली होती. इंजिन सुरू झालं, हवेनं मला बाजूला सारलं आणि फटीतून सुसाट आत शिरली. शिट्टी वाजली. बारीक, ओढलेली, शेवटी थरथरणारी. मी ओरडून सांगत होतो की अरे, मी तुमच्या मापाचा नाही! पण मला तोंडच ते एवढं.

गाडीचे मालक रेणुकादास. शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर, सगळा गाव त्यांना सर म्हणतो. गाडी ते स्वतः चालवायचे. मागच्या सीटवर डाव्या खिडकीशी चंद्रप्रभाबाई, त्यांची बायको. बाईंना दमा होता. दर काही दिवसांनी त्यांना नांदेडच्या दवाखान्यात न्यावं लागायचं, नरसी-नायगावच्या रस्त्यानं.

पहिल्याच फेरीत बाईंनी माझी शिट्टी ओळखली. खो खो हसल्या.

"अहो, ऐकलं का? माझ्या सवतीलासुद्धा दमा लागला!"

"काहीतरीच तुझं. वारं शिरत असेल कुठून," सर म्हणाले.

"वारंच शिरतंय हो. माझ्यात तरी दुसरं काय शिरतं?"

बाई अशाच. गाडीला सवत म्हणायच्या, कारण सर रोज सकाळी गाडी पुसायचे आणि बाईंनी चहा विचारला की "थांब जरा" म्हणायचे. बसताना रोज एकच ओरडा असायचा, "दार हळू लावा, माझा पदर अडकतो!" आणि पदर रोज अडकायचाच.

मी डब्यात असलो तरी मला सगळं ऐकू यायचं. बाईंच्या छातीतून निघणारी शिट्टी आणि माझी शिट्टी, दोन्हींचा सूर एक होता. अगदी एक. चढावर मी जोरात वाजलो की त्याही वाजायच्या. त्या खोकल्या की माझ्या घड्यांमधली धूळ हलायची. पहिल्यांदा मला गंमत वाटली. मग भीती वाटायला लागली, कारण कधी कधी मी वाजायच्या आधीच माझा आवाज मला ऐकू यायचा.

एकदा उताराला गाडी निवांत चालली होती तेव्हा बाई आपणहून बोलल्या, "दमा मला माहेरापासनं आहे. तुम्ही सगळ्यांना सांगता, लग्नानंतर लागला म्हणून. माझं सगळं तुम्ही लग्नापासनंच मोजता. तांदळात अंगठीनं चंद्रप्रभा लिहिलंत, त्याच्या आधी मी वेणू होते. आठवतंय तरी का?"

सरांनी हॉर्न वाजवला. समोर ट्रॅक्टर होता.

तो दिवस उन्हाचा होता. बाईंना सकाळपासून बरं नव्हतं. मुकुल बँकेत, म्हणून सर एकटेच त्यांना घेऊन निघाले. नरसीचा चौक मागं टाकला आणि शिट्टी वाढली. रस्त्याचं काम चाललेलं, धुळीचा लोट. मी जीव तोडून वाजत होतो.

"थांबा ना जरा," बाई म्हणाल्या.

"ही गाडीची शिट्टी, आज लईच वाजून राहिली," सर आपल्याशीच बोलले.

"थांबा..."

"आलंच नांदेड. तू डोळे मीट."

नायगावच्या अलीकडं रस्त्यात मेंढ्या आडव्या आल्या. घुंगरं वाजत होती, मेंढका हुर्र हुर्र करत होता. कळप मोठा होता, म्हणून सरांनी पेट्रोल वाचवायला इंजिन बंद केलं.

इंजिन बंद म्हणजे मी मुका. हवाच नाही तर वाजणार काय?

शिट्टी चालूच होती.

"अरे, बंद केली तरी वाजून राहिली?" सर म्हणाले. किल्ली पुन्हा फिरवून पाहिल्याचा आवाज मी ऐकला. मग ते मागं वळले असणार, कारण त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मला आजही ऐकवत नाही.

पुढं गाडी मेंढ्यांतून वाट काढत सुटली. दोन शिट्ट्या सोबत चालल्या होत्या, एक बॉनेटखाली आणि एक मागच्या सीटवर. नांदेडच्या दवाखान्याच्या दारात पोचलो तेव्हा एकच राहिली होती. माझी.

त्यानंतर सर रोज दुपारी अंगणात गाडी सुरू करायचे. कुठं जायचे नाहीत. दारं-खिडक्या लावून आत बसायचे, ॲक्सिलरेटर दाबायचे आणि ऐकायचे. शेजारीपाजारी कुजबुजायला लागले. मुकुलनं हटकलं तर म्हणायचे, "बॅटरी उतरू नये म्हणून चालू करून राहिलोय रे."

पण मला त्यांचं बोलणं ऐकू यायचं. रोज एकच प्रश्न. "नरसीपासून वाजत होतं ते कोण होतं? तू की ती? खरं सांग. ती किती वेळ मला बोलावत होती?"

आता माझ्यासारख्या कागदाच्या तुकड्यानं काय सांगावं! उत्तर मला ठाऊक होतं. नरसीपासून आम्ही दोघंही वाजत होतो. पण मी वाजण्याखेरीज काही करू शकत नाही, आणि मी वाजलो की त्यांना तीच ऐकू यायची. ते हुंदके द्यायचे, मी अजून वाजायचो. असा तो खेळ चालला होता, आणि त्यात इंजिन मरत होतं. फटीतून येणारी धूळ सगळी आत जात होती. गाडी काळा धूर सोडायला लागली, चढावर दम टाकायला लागली, मग एक दिवस अंगणातच आचके देऊन बंद पडली.

मुकुलनं मेकॅनिककडून कशीबशी सुरू करून घेतली आणि वडलांना शेजारी बसवून थेट नांदेडला जलीलभाईच्या दारात आणली.

जलीलभाईनं बॉनेट उघडलं, क्लिपा काढल्या आणि मला वर उचललं. फार दिवसांनी उजेड बघितला. माझ्या पलीकडच्या नळीत त्यानं बोट फिरवलं, बोट मातीनं भरलं.

"या अल्ला! मुकुलभाऊ, धूळ फिल्टरच्या अलीकडं पाहिजे, ही तर पलीकडं जाऊन राहिली." मग गाडीचं दार उघडून त्यानं चौकटीवरची, साल लिहिलेली कंपनीची पट्टी वाचली आणि कपाळाला हात लावला. "गाडी सोळाची हाय. तुमी एकोनीस सांगितलं, मी बी पट्टी न बघता दिला. दोघं बी शहाने."

मुकुलचा चेहरा उतरला. जलीलभाईनं मांडणीवरून रुंद फिल्टर काढला, तेव्हा सर पुढं आले.

"जुनाच राहू द्या."

"सर, इंजिन खाऊन टाकंल हा."

"खाऊ द्या. तिचा आवाज आहे त्यात."

मला काढलं तर शिट्टी जाणार, ठेवलं तर गाडी जाणार, आणि गाडी गेली तरी शिट्टी जाणारच. गणिताच्या मास्तरांना हे कळत नव्हतं असं नाही. शेवटी जलीलभाईनं मला पुसलं, दोन्ही हातांनी सरांकडं दिलं. "सर, हा तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. पर डब्यात मापाचाच बसू द्या."

सरांनी मान हलवली. नवा आत बसला, क्लिपा टक्कन लागल्या. मुकुलनं गाडी सुरू केली. काही नाही, नुसती गुरगुर.

"गेली," सर म्हणाले आणि भर दुकानात लहान पोरासारखे रडले.

परत निघालो. मुकुल चालवत होता, सर त्याच्या शेजारी. मला त्यांनी मागच्या सीटवर ठेवलं होतं, डाव्या खिडकीशी. मी पहिल्यांदाच ती जागा बघत होतो. दाराच्या फटीत पिवळ्या पदराचा एक धागा अजून अडकलेला होता.

नायगाव मागं पडलं. आणि माझ्या शेजारी शिट्टी वाजली.

बारीक, ओढलेली, शेवटी थरथरणारी.

मी सांगतो, माझ्या कागदाच्या शपथेवर सांगतो, मी वाजलो नाही. काचा बंद होत्या. माझ्या घड्यांमधून वारा जात नव्हता. आवाज माझ्या उजव्या हाताला होता, सीटच्या रिकाम्या भागात, माणूस बसल्यावर छाती येते तेवढ्या उंचीवर.

"जलीलभाईनं नीट बसवला नाही वाटतं," मुकुल म्हणाला.

शिट्टी वाढली.

"गाडी थांबव."

"आलंच की नरसी, बाबा. तिथं बघू."

"थांबव म्हटलं ना!"

सरांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मुकुलनं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. गुरगुर थांबली. शिट्टी चालूच राहिली. मुकुलचा हात किल्लीवर तसाच राहिला, त्यानं आरशात बघितलं आणि चटकन नजर खाली घेतली.

सर उतरले. भर दुपार, रस्ता मोकळा, तुरीच्या रानात कुणी नाही. त्यांनी मागचं दार उघडलं. माझ्याकडं त्यांनी बघितलंही नाही. माझ्या शेजारी बघितलं.

"वेणू," ते म्हणाले, "थांबलो बघ."

एक लांब श्वास सुटला. सीटची गादी, जी माझ्या बाजूला दबलेली होती, ती हळूहळू वर आली, आणि मी थोडासा कलंडलो. मग शांतता.

सर दार धरून उभे राहिले. कुणी उतरताना आपण धरतो तसंच. पुष्कळ वेळानं त्यांनी खाली वाकून बघितलं, काही अडकलं तर नाही ना म्हणून, आणि दार अगदी हळू लावलं. मी शोधला, पण तो पिवळा धागा तिथं नव्हता.

मी अजून त्याच सीटवर आहे. डब्यातला नवा आपलं काम चोख करतो, इंजिन बरं आहे, शिट्टी परत वाजली नाही. सर आता दुपारी गाडीत बसत नाहीत. मुकुल मात्र एकटा चालवताना मागचा आरसा वर फिरवून ठेवतो.

मी आता कुणाच्या कामाचा नाही, तरी दोन गोष्टी सांगून गप्प बसतो. फिल्टर घ्यायला जाल तर जुना सोबत न्या, गाडीची पट्टी वाचा, आणि वय तिच्या जन्मापासून धरा, तुमच्या दारापासून नको. आणि वाटेत कधी शिट्टी ऐकू आली, मागून कुणी "थांबा ना जरा" म्हणालं, तर आधी थांबा. आवाज गाडीचा की माणसाचा, ते मग बघता येतं.