खिडकीजवळची करकर

मी एक जुना लाकडी दांडा आहे, मित्रांनो. भिंतीला कमरेइतक्या उंचीवर आडवा बसवलेला, एका टोकाला दार आणि दुसऱ्या टोकाला खिडकी असलेला. ज्या खोलीत मी आहे तिथे लहान मुलांना बॅले नाच शिकवतात. शिकलेली माणसं मला 'बार' म्हणतात. मुलांनी मला नेहमी दांडाच म्हटलं, आणि मलाही तेच नाव आवडतं.

माझा जन्म मात्र नाचासाठी झाला नव्हता. मला तासलं, गुळगुळीत केलं आणि एका इस्पितळाच्या लांब ओसरीत नेऊन बसवलं. तिथे आजारी माणसं मला धरून चालायला शिकत. कुणाचा पाय मोडलेला, कुणाचं पोट शिवलेलं. तिथे मी एक विद्या शिकलो. दुखणाऱ्या माणसाचा हात कसा असतो, ते मला कळायला लागलं. तोंडाने माणूस म्हणतो, "आता बरंय हो मला," पण हात खोटं बोलत नाही. दुखणारा हात आधी घट्ट होतो, मग घामेजतो, मग त्यातून सगळं अंग माझ्यावर उतरतं.

पुढे ते इस्पितळ पाडलं. लाकडाच्या ढिगात मी पडून होतो. तिथून एका बाईंनी मला विकत घेतलं. अंगाने बारीक, आवाजाने खणखणीत. त्या नाच शिकवायच्या. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. त्यांनी मला या खोलीत बसवून घेतलं आणि पहिल्याच दिवशी मुलांना सांगितलं, "हा आधाराला नाही बरं का. झोपलेल्या बाळाच्या कपाळावर ठेवतो ना, तसा हात ठेवायचा याच्यावर. बाळ जागं झालं तर तुमची खैर नाही."

गंमत पाहा. तिथे लोक माझा आधार घ्यायला येत, आणि इथे आधार न घ्यायला शिकायला येत होते.

या नाचात पायऱ्या असतात. अगदी लहान मुलं येतात ती मांजर होऊन चालतात, घोडा होऊन दौडतात, आणि मला दोन्ही हातांनी धरून गुडघे वाकवतात. मग वर्षातून एकदा परीक्षा होते. बाहेरून परीक्षक येतात. पास झालं की कमरेचा पट्टा बदलतो. गुलाबीचा पिवळा, पिवळ्याचा निळा, निळ्याचा जांभळा. जसजसा पट्टा बदलतो तसतसा माझ्यावरचा हात कमी होतो. आधी दोन हात, मग एक, मग नुसती बोटं. तीन-तीन मुलांचा एक गट करतात. तो गट वर्षभर एकत्र शिकतो आणि परीक्षेलाही एकत्रच उभा राहतो. एखाद्याची परीक्षा चुकली, तर त्याचे दोन सोबती पुढे जातात आणि तो मागच्या लहानग्यांत उभा राहतो. मोठ्यांना ही गोष्ट किरकोळ वाटते. नऊ वर्षांच्या मुलाला विचारा.

खिडकीजवळ मला भिंतीशी जोडणारा जो लोखंडी ब्रॅकेट आहे, तो पहिल्यापासून किंचित सैल होता. हलका हात ठेवला तर काही नाही; पण कुणी भार टाकला की मी तिथे करकरायचो. मोठ्या बाईंनी तो कधी घट्ट करून घेतला नाही. उलट ज्या मुलावर त्यांचं लक्ष असेल त्याला त्या मुद्दाम खिडकीजवळ उभं करत आणि स्वतः पाठ फिरवून बाहेर बघत बसत. मी करकरलो की त्या वळायच्या. "नीट उभी राहा" असं त्यांनी कधी म्हटलं नाही. त्या एकच विचारायच्या, "कुठे दुखतंय?"

आणि मूल सांगायचं. टाच दुखते, गुडघा दुखतो, बूट चावतो. एकदा एक जण म्हणाला, "बाई, पाय नाही दुखत, भूक लागलीय." सगळा वर्ग हसला. बाईंनी त्याला खायला दिलं आणि नाच पुढे चालू झाला. ज्याचा पाय खरोखर दुखत असे, त्याला त्या खाली बसवत. बसवलं म्हणजे बसवलं, मग परीक्षा उद्यावर का असेना. रडारड व्हायची, आयाही यायच्या भांडायला. बाई म्हणायच्या, "पट्टा पुढच्या वर्षी मिळेल. पाय कुठून आणायचा?"

मुलांमध्ये एक समजूतच होऊन बसली होती. दांड्याला कळतं, असं ती म्हणायची. नव्या मुलाला जुनी मुलं बजावायची, "लपवू नकोस हं, दांडा सांगतो बाईंना."

मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस होते.

मग मोठ्या बाई थकल्या. आधी काठी आली, मग अंथरूण, आणि एक दिवस वर्गाला सुट्टी मिळाली ती त्या गेल्याचीच. त्यांची भाची वर्ग चालवू लागली. या धाकट्या बाई. वाईट नव्हत्या हो. हात फिरवून, वाकून, जीव तोडून शिकवायच्या. पण त्यांच्या पहिल्याच परीक्षेत काय झालं, एक चिमुकला घाबरून माझ्यावर लोंबकळला आणि मी ऐन शांततेत करकरलो. परीक्षकांनी मान वर केली. तो पोरगा रडायलाच लागला, त्याचं पाहून बाकीचे दोघं विसरले, आणि सगळा गट गडगडला. धाकट्या बाईंच्या मनाला ते फार लागलं.

दुसऱ्याच आठवड्यात सुतारकाका आले. मला हलवून बघत म्हणाले, "म्हातारबाला दमा झालाय वाटतं."

पियानो वाजवणारे आजोबा कोपऱ्यात बसले होते. मोठ्या बाईंच्या वेळेपासूनचे. ते म्हणाले, "राहू दे गं बाळ. करकरतोय तर करकरू दे. मोठीचा तो कान होता."

"आजोबा, परीक्षेत कान नाही बघत. गुण बघतात," धाकट्या बाई म्हणाल्या. "पोरं रडत घरी गेली माझी. पुन्हा नाही तसं होऊ देणार मी."

सुतारकाकांनी ब्रॅकेट आणि भिंत यांच्यामध्ये एक पाचर ठोकली, नवे स्क्रू पिळले, वर फटीत लांबीचा लगदा भरला, रंग दिला. मग स्वतः दोन्ही हातांनी माझ्यावर लटकले. "घ्या बाई. आता हत्ती टांगला तरी हूं की चूं करायचा नाही."

खरंच होतं ते. मी गप्प झालो.

त्या वर्षी निळ्या पट्ट्याच्या गटात एक मुलगी होती. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती कधी सरळ चालतच नसे. दारातून आत यायची तीही गिरकी घेत. तिच्या गटात एक उंच मुलगी होती, तिचं नाव पडलं होतं शिडी, आणि तिसरी सारखी खिदळणारी, ती घुंगरू. तिघी एकमेकींना चिकटलेल्या. भिंगरीने मोठ्या बाईंच्या हाताखाली गुलाबी आणि पिवळा पट्टा मिळवला होता. खिडकीजवळची जागा तिची. तिथूनच तिने कितीदा 'कुठे दुखतंय?' ऐकलं होतं.

जांभळ्या पट्ट्याच्या परीक्षेत उड्या असतात. भिंगरीच्या उड्या खुज्या पडायच्या. म्हणून ती घरी जिन्याच्या पायऱ्यांवरून उड्या मारायची. हे मला कसं कळलं? शिडीला सांगताना ऐकलं मी. "तीन पायऱ्यांवरून येतात आता मला," भिंगरी म्हणाली.

"फरशीवर? वेडी आहेस का? पाय मोडेल."

"काही नाही होत. थोडा दुखतो, तो तर सगळ्यांचाच दुखतो."

थंडी सरता सरता तिचा हात बदलला. आधी फक्त बोटं घट्ट झाली. मग तिने अंगठा माझ्या खालून घातला, भिंतीच्या बाजूला, जिथे कुणाला दिसत नाही. मग तिचा तळवा घामेजू लागला. मित्रांनो, तो हात मी ओळखत होतो. इस्पितळाच्या ओसरीतला हात होता तो. अंगाचा सगळा भार ती उजव्या पायावरून काढून माझ्यावर टाकत होती. मी करकरायला हवं होतं. मी करकरू शकत नव्हतो.

बाहेरून मात्र सगळं छान दिसत होतं. मला घट्ट धरल्यामुळे तिचा तोल जराही ढळत नव्हता. धाकट्या बाई कौतुकाने म्हणायच्या, "बघा, बघा भिंगरीकडे. कशी खांबासारखी उभी आहे!" आणि भिंगरी हसायची.

तिची आई तिला न्यायला यायची, शिवणकाम करणारी बाई, खांद्यावर कायम मापाची पट्टी. एकदा ती दारातच म्हणाली, "अगं, पाय का ओढतेस?"

"बूट चावतो."

"आण इकडे, आतून कापड लावून देते."

आईने रात्रीतून कापड लावून दिलं. बिचारीने जांभळा पट्टासुद्धा आधीच शिवून ठेवला होता.

परीक्षेचा दिवस आला. परीक्षेच्या वेळी शिकवणाऱ्या बाईंना खोलीत थांबता येत नाही. धाकट्या बाईंनी तिघींच्या छातीवर क्रमांकाचे कागद टाचले, केस सारखे केले, "हसा हं, आणि काहीही झालं तरी शेवटचं अभिवादन विसरू नका," असं बजावलं आणि त्या बाहेर गेल्या. आत टेबलामागे परीक्षक बाई, पियानोजवळ आजोबा, आणि तिघी मुली माझ्याजवळ.

त्या दिवशी भिंगरीने मला जसं धरलं, तसं मला कुणीच धरलं नव्हतं. तिची नखं माझ्या नव्या रंगात रुतली. ते ओरखडे आजही आहेत. परीक्षक बाई तिच्याकडे बघून काहीतरी लिहीत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

मग मधोमध जायची वेळ आली. तिने माझ्यावरचा हात काढला.

आजोबांनी उड्यांची चाल धरली. शिडी उडाली, घुंगरू उडाली, भिंगरी उडाली. या वेळी तिची उडी खुजी नव्हती. खाली आली तेव्हा मात्र वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. पियानो थांबला. भिंगरी जमिनीवर होती. ती ओरडली नाही. दोन्ही हात टेकून डाव्या पायावर उभी राहिली, तोंडावर हसू आणलं आणि एका पायावर तोल सांभाळत गुडघा वाकवून अभिवादन केलं. शिकवलं होतं ना तसं. मग पडली.

परीक्षक बाईंची खुर्ची मागे कोसळली. "बाईंना बोलवा हिच्या!" त्या ओरडल्या. "अरे, आईला बोलवा कुणीतरी!"

हाडाला आधीच तडा होता, असं डॉक्टरांनी सांगितलं. घोट्याच्या वर, लहान मुलांचं हाड जिथून वाढतं, नेमका तिथे. त्या दिवशी ते पुरतं मोडलं. जोडलं गेलं, पण तो पाय पुढे नीट वाढला नाही.

कित्येक महिन्यांनी भिंगरी आईबरोबर आली, आपले जुने बूट न्यायला. बगलेत कुबडी. दारातून ती सरळ चालत आली. खोलीत धाकट्या बाई एकट्याच होत्या. त्यांनी तिला जवळ घेतलं. म्हणाल्या, "एवढं दुखत होतं, तर मला सांगितलं का नाहीस गं राणी?"

भिंगरी माझ्याकडे बघत म्हणाली, "दांडा करकरला नाही ना. मोठ्या बाई असताना तो करकरायचा. मला वाटलं, करकरत नाही म्हणजे तेवढं काही दुखत नसणार."

आईने मापाची पट्टी खांद्यावरून काढली आणि उगाच गुंडाळत राहिली. मग भिंगरीने विचारलं, "बाई, दांड्याजवळचं माझं चांगलं झालं होतं का?"

"सगळ्यात चांगलं," धाकट्या बाई म्हणाल्या. "परीक्षक म्हणाल्या तसं." आणि तोंड फिरवून रडायला लागल्या.

त्या दोघी गेल्यावर धाकट्या बाईंनी कुठूनशी पक्कड आणि पेचकस आणले. लांबी खरवडली, स्क्रू सैल केले, दातओठ खात पाचर उपटून काढली. मग दोन्ही हातांनी माझ्यावर भार टाकला. पुन्हा टाकला. कान लावून ऐकलं.

मी करकरलो नाही. पाचरीच्या दाबाने माझं लाकूड आत दबलं होतं, लोखंडात घट्ट रुतून बसलं होतं. मित्रांनो, आवाज बंद करायला सुतारकाकांना अर्धी सकाळ पुरली होती. परत आणायला ते तीनदा येऊन गेले. जमलं नाही.

आता धाकट्या बाई रोज वर्ग सुरू होताना प्रत्येक मुलाजवळ थांबतात आणि विचारतात, "कुठे दुखतंय का?" प्रत्येक मूल त्याच सुरात म्हणतं, "नाही, बाई!" रोजचा प्रश्न, रोजचं उत्तर. आजोबा पियानोमागून मान हलवतात आणि चाल धरतात.

आजही वर्ग चालू आहे. परीक्षा जवळ आली आहे. खिडकीजवळ पिवळ्या पट्ट्याचा एक हात माझ्यावर आहे, लहानसा, आईने नुकतीच नखं कापलेला. मघाशी त्यानेही सगळ्यांसारखंच "नाही, बाई" म्हटलं. आत्ता त्याचा अंगठा हळूहळू माझ्या खाली सरकतो आहे.

मित्रांनो, मला एकदाच करकरता आलं असतं तर फार बरं झालं असतं. पण मी लाकूड आहे. तुम्हाला तोंड आहे. तुमचं दुखलं तर सांगा, पट्टा राहिला तरी सांगा, कुणी हसलं तरी सांगा. आणि शेजारच्याचा अंगठा असा खाली जाताना दिसला, तर त्याच्या वतीने तुम्ही सांगा.

बाळा, तळवा घामेजला तुझा. बाई पुढच्या मुलाकडे निघाल्या आहेत. अजून दूर गेलेल्या नाहीत. हाक मार त्यांना.