काकांच्या पिंपावरचा निळा रंग

मी कंगवा बोलतोय. प्लास्टिकचा, दोन दात पडलेला. माझं ऐकून झालं की एवढंच सांगा, मी चांगला की वाईट? माझं मलाच कळेनासं झालंय.

साच्यातून निघालो तेव्हा वाटलं, केस विंचरले की संपलं काम. पण माझी मालकीण शाळेत विज्ञान शिकवते. मला कोरड्या केसांत खसाखसा फिरवते आणि कपट्यांवर धरते. कपटे टुणकन उडून मला चिकटतात. मुलं ओरडतात, "बाई, परत!" बाई सांगतात, घासल्यानं विद्युतभार साठतो, याच ओढीनं धुराड्यातली काजळी पकडतात, झेरॉक्सची शाई कागदावर बसवतात. मी फुगून जायचो.

एकदा बाईंनी मला त्यांच्या काकांच्या रंगाच्या कारखान्यात नेलं. तिथे रंग पातळ करायचं थिनर पिंपातून बादलीत ओततात. ओततानाही भार साठतो. ठिणगी पडली तर वाफ भडकते. म्हणून जमिनीत गेलेल्या तारेचा चिमटा पिंपाला लावतात. काकांनी लावला होता की! पण काका पडले रंगवाले. पिंपालाही त्यांनी निळा रंग फासलेला, चिमटा त्यावर.

"काका, रंगातून भार जात नाही. लोखंड उघडं हवं!"

"तीस वर्षांत काही झालं? तू कालची पोर."

"झालं असतं तर हे सांगायला उरला असता का?"

बाईंनी त्यांना लांब ऑफिसात ओढत नेलं आणि मला त्यांच्या डोक्यावर घासलं. उरलेसुरले केस ताठ उभे! मागून आलेले कामगार खो-खो हसले. काका तणतणत, गालिच्यावर पाय घासत दाराशी गेले, लोखंडी कडीला हात लावला आणि चट्!

"आई गं!"

काका बोटाकडे बघत राहिले. "हेच पिंपाजवळ झालं असतं तर?"



त्या दिवशी ओतणं बंद राहिलं. झाकणं घट्ट लावून काकांनी ओल्या पॉलिश पेपरनं स्वतः रंग घासून काढला. बादलीलाही चिमटा आला. आणि कारखान्याच्या दारावर पाटी लागली: 'आत कंगवा आणू नये.'

घ्या! शिकवलं मी, बंदी मलाच.

बाईंनी मला काकांनाच देऊन टाकलं, आता मी ऑफिसच्या खणात असतो. काका रोज सकाळी मला काढतात, चार केस विंचरतात, खण नीट लावतात, अंगातला भार जमिनीत जावा म्हणून कारखान्याच्या दाराबाहेरच्या उघड्या लोखंडी दांडीला हात लावतात आणि मगच आत जातात. माया म्हणू याला की धास्ती?

काही का असेना. मला खणात ठेवा, चालेल. तेवढं लोखंड मात्र पुन्हा रंगवू नका.