दाराखालची पायदानं

बुरुलच्या पोटात वर्षभर दुखत होतं, आणि त्या दुखण्याचं नाव होतं मेरिम, तिची धाकटी जाऊ.

सासूनं धाकट्या लेकाकडे राहायचं ही रीतच. त्यामुळे सासू, जिला सगळे आपा म्हणत, वर्षभर मेरिमच्या घरी. थोरल्या सुनेच्या वाट्याला सासूचा एकच दिवस यायचा, उन्हाळ्यात मेंढरांमागोमाग वरच्या कुरणावर जायचा. त्या दिवशी आपा थोरल्याच्या जुन्या जपानी जीपमध्ये बसायची, आणि वर जिच्या गाडीतून उतरेल तिच्या चुलीला पहिला आशीर्वाद द्यायची. आपा आपल्यावरच्या मायेपोटीच आपल्या गाडीत बसते, अशी बुरुलची पक्की समजूत होती.

गेल्या वर्षी मात्र ओढ्यात घात झाला. जीपच्या दाराखालची, पाय ठेवून चढायची लांब पायदानं दगडावर बसली आणि गाडी अडकली. मागून धाकटा दीर उलार आपली उंच, बिनपायदानाची गाडी घेऊन आला, दाराला दार लावून उभा राहिला, आणि आपा पायदानावरून सरळ तिकडच्या सीटवर गेली. आशीर्वाद मेरिमच्या चुलीला मिळाला.

यंदा बर्फ वितळायला लागलं तशी बुरुल नवऱ्याच्या मागे लागली. "ती पायदानं काढून टाका!"

"अगं, मग आपा चढणार कशी?" साग्यन म्हणाला.

"मी हात देईन की. देवानं हात काय मेरिमलाच दिलेत?"

"आपानं कुणाचा हात धरलाय का कधी?"

खरंच होतं ते. आपाचा सगळा जन्म घोड्यावर गेला होता. आता गुडघे गेले, तरी कुणी हात पुढे केला की ती म्हणायची, "मी काय पिठाचं पोतं आहे?" पण मत्सरानं जळणाऱ्या माणसाला दिसतं ते फक्त दुसऱ्याचं ताट.

साग्यन गाडीखाली आडवा झाला. बोल्ट गंजून एकजीव झालेले. त्यानं डिझेल ओतलं, पान्यावर हातोडी मारली, एकाची मुंडीच तुटली तेव्हा करवत घेतली. बुरुल चहा आणून देई आणि टोमणाही. "बोल्ट गंजलेत की तुम्ही?"

पायदानं निघाली त्या दिवशी मेरिम आली. "जाऊबाई, टाकणार असाल तर मला द्या. खुराड्याला आडवी लावीन."

"ने गं बाई! आमचं टाकलेलं तरी तुला उपयोगी पडू दे." बुरुलला फार दिवसांनी गोड झोप लागली.

निघायच्या दिवशी आपा सवयीनं थोरल्याच्या जीपपाशी आली. दाराची मूठ धरून तिनं पाय उचलला, आणि तो हवेतच राहिला. बुरुलनं लगबगीनं हात पुढे केला. आपानं त्या हाताकडे पाहिलं, आपला पाय खाली घेतला आणि ती मागच्या गाडीकडे चालू लागली. उलारच्या गाडीच्या दाराखाली तीच पायदानं होती, वेल्डिंग करून बसवलेली, वर काळा रंग. रिकिबीत पाय घालावा तशी आपा चढून आत बसली. मेरिम डोक्याचा रुमाल नीट करत होती.

"हे तुझं खुराडं का गं?" बुरुल ओरडली. तिच्या अंगाची लाही लाही झाली.

ओढा आला. बुरुलची गाडी अलगद पार झाली. मागून खाडकन आवाज आला. उलारची गाडी त्याच दगडावर अडकली होती! बुरुलला हसू आवरेना. ती तशीच गार पाण्यात उतरून आपाच्या खिडकीशी गेली.

"आपा, यांना गाडी मागं घ्यायला सांगते. दाराला दार लावू. चला आमच्यात!"

"नको," आपा म्हणाली. "गेल्या वर्षी बदलली गाडी, तर वर्षभर तुझं तोंड फुगलेलं. आता वर्षभर हिचं बघू? दोर बांध."

दोर बांधायला बुरुल पाण्यात वाकली. पायदानावरच्या रंगाखाली साग्यनच्या हातोडीचे घाव तसेच होते. आपा इतकी वर्षं आपल्यासाठी नाही, ह्या पायदानांसाठी आपल्या गाडीत येत होती, हे तिला तिथं कळलं आणि रडू आलं.

ती गाडीत येऊन बसली. दोर ताणला गेला, मागची गाडी दगडावरून सुटली. मेरिमच्या चुलीचा आशीर्वाद आता बुरुलच ओढून वर नेत होती.

"सावकाश चालवा की!" ती नवऱ्यावर खेकसली. "मागं आपा आहे."