एसटीवर वाजणारी घंटा

सोनटेकच्या शाळेची घंटा घड्याळावर वाजत नव्हती, एसटीवर वाजायची. कागदावर शाळा साडेदहाची. पण जुन्नरहून सकाळी निघून मढला जायची आणि तिथून माघारी फिरायची ती गाडी सोनटेकच्या फाट्यावर यायला पावणेअकरा होऊन जायचे. पावसाळ्यात तर आणखी पाच मिनिटं जायची. त्या गाडीत वरच्या वाड्यांची तीस-बत्तीस पोरं असायची आणि त्यांना दुसरी गाडी नव्हती. म्हणून घोलप सरांनी शाळा निघाली त्या वर्षीच शिपायाला सांगून ठेवलं होतं, की गाडी खालच्या वळणावर हॉर्न देते, तो ऐकू आला की टोला टाकायचा. झालं, तोच नियम पडला. वीस वर्षं भिका साबळे लोखंडी दांडकं हातात घेऊन पायरीवर उभा राहायचा आणि त्याचे कान वळणाकडं लागलेले असायचे.

त्याला शिपाई मात्र कुणी म्हणायचं नाही. पोरं मामा म्हणायची. त्यांचे आईबापही मामाच म्हणायचे, कारण त्यातले काही याच शाळेतनं शिकून गेलेले. घोलप सर चारचौघांत सांगायचे, हेडमास्तर मी असेन, पण शाळा या भिकाच्या भरवशावर चालते. हे ऐकून मामा लाजल्यासारखं करायचे आणि आठ दिवस तेच घोळवत बसायचे. आता माणूस आहे, एवढं चालायचंच.

दोन हजार साली घोलप सर निवृत्त झाले. निरोपाला अख्खं गाव रडलं आणि जूनमध्ये मोठ्या बाई आल्या. प्रतिभा दांगट त्यांचं नाव. जुन्नरहून रोज स्कूटरवर यायच्या, पदर खोचलेला, हसायचं काम नाही. पहिल्या दिवशी दहा वाजून वीस मिनिटांनी त्या हजर, आणि शाळेत भिकामामांशिवाय चिटपाखरू नाही. त्यांना बघून मामांनी त्या दिवशी साडेदहालाच टोला टाकला, तरी मास्तर मंडळी पावणेअकराला फटफट्या वाजवत आरामात आली. खोटं कशाला बोला, घंटा थांबायची ती वाडीवरच्या पोरांसाठी, पण तिची सवय मास्तरांनाच जास्त लागली होती. दहावीचा निकाल लागला होता अडतीस टक्के. गावानं त्या निकालाकडं कधी नीट बघितलंच नव्हतं, कारण शाळा लई चांगली, सर लई चांगले, मग निकालाचं काय एवढं!

बाईंनी बघितलं. दुसऱ्याच दिवसापासून साडेदहाला घंटा, दहा पस्तीसला फाटक बंद. पहिले दोन तास गणित आणि इंग्रजीचे. उशीर करील त्याने ते दोन तास व्हरांड्यात उभं राहायचं, आणि तीनदा उशीर झाला की पालकांना घेऊन यायचं. कारण सांगायचं नाही, कारणं मी ऐकत नसते, असं त्यांनी प्रार्थनेच्या वेळीच सांगून टाकलं. पटांगणात गाण्याचा तास व्हायचा तो गेला, शनिवारची गोष्ट गेली. मास्तर लोकांनी तोंडं शिवून घेतली. जो तो आपापल्या वीस वर्षांच्या पावणेअकरावर पांघरूण घालायला बघत होता.

पहिल्याच आठवड्यात व्हरांड्यात तीसेक पोरं ओळीनं उभी. सगळी वरच्या वाड्यांची. त्यातल्या कुणीतरी धीर करून म्हटलं, बाई, एसटीच उशिरा येते. बाई ऑफिसात गेल्या आणि मामांना हाक मारली. टेबलावर मामांचं सर्व्हिस बुक उघडं होतं. इतकी वर्षं घंटा कोण देत होतं, असं त्यांनी विचारलं. मामा म्हणाले, मीच. किती वाजता देत होतात, असं विचारल्यावर मामांची नजर त्या उघड्या पुस्तकावर गेली.

आता इथं खरं सांगायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं, की गाडी उशिरा येती, सरांनी सांगितलं व्हतं म्हणून थांबत व्हतो. एका वाक्याचं काम. पण मामांची नोकरीची चार वर्षं राहिली होती, आणि सर्व्हिस बुकाच्या कोऱ्या पानावर लाल शाईचा शेरा त्यांना डोळ्यांपुढं दिसायला लागला. वीस वर्षं रोज अर्धा तास सरकारचा वेळ चोरला, असं कुणी लिहिलं तर? सरांनी कुठं लिहून दिलं होतं? मामा म्हणाले, साडेदहालाच की.

"मग ही मुलं म्हणतात, एसटीच उशिरा येते. खरं आहे का ते?"

"न्हाई बाई. एसटी टायमावर असती. पोरंच फाट्यावर उतरली की दुकानापाशी रेंगाळत बसत्यात. लाडावल्यात जरा."

बाईंनी मान हलवली आणि पुस्तक मिटलं. मामा बाहेर आले आणि ओळीनं उभ्या पोरांपुढनं खाली मान घालून पाण्याच्या टाकीकडं गेले. टाकी भरलेलीच होती. तरी त्यांनी नळ सोडला आणि उगाच उभे राहिले.

आज नाही उद्या सांगू, असं त्यांनी मनाशी धरलं. बाई जरा निवल्या की सांगू. पण खोटं एकदा बोललं की दुसऱ्या दिवशी ते खोडायला दुप्पट जीव लागतो, तिसऱ्या दिवशी चौपट. मामांच्या अंगात तेवढा जीव नव्हता. रोज दहा पस्तीसला ते स्वतःच्या हातानं फाटकाला कुलूप लावायचे. वीस मिनिटांनी फाट्यावरनं धावत येणाऱ्या पोरांची चप्पल वाजायची, आणि मामा दुसरीकडं बघत कुलूप काढून त्यांना व्हरांड्यात सोडायचे.

त्या पोरांत दहावीची भागू होती, कातळवाडीच्या जानकूची. वाडीतनं दहावीपर्यंत पोचलेली ती पहिलीच पोरगी. गणितात हुशार. घोलप सर तिला फळ्यापुढं उभी करायचे आणि मास्तरांना म्हणायचे, बघा, असं समजावून सांगा पोरांना. आता ती गणिताच्या तासाला भिंतीच्या बाहेर उभी राहायची, आणि आतला फळा दिसावा म्हणून खिडकीच्या बाजूला सरकून सरकून वहीत उतरवून घ्यायची. बाईंनी ते बघितलं, आणि खिडकीपाशी उभं राहायचं नाही असं सांगितलं.

तीन उशीर व्हायला तीन दिवस लागले. भागूनं पालकांना आणायचं होतं. पण आवणीचे दिवस, भाताचं रोप उपटून लावायचं चाललेलं, त्यात बाप माणूस दिवस मोडून येणार कसा? शेवटी दहाएक दिवसांनी जानकू आला तो खाचरातनंच. पोटऱ्यांवर चिखल वाळलेला, डोक्यावर इरलं. फाटकापाशी थांबून त्यानं मामांना हळूच विचारलं, "मामा, गाडीचं सांगितलं का बाईन्ला?"

"सांगून बगतो," मामा म्हणाले.

बाई जानकूला ओरडल्या नाहीत. पण मुलगी शिकवायची असेल तर वेळेवर पाठवा, नाहीतर उगाच एका बाकाची जागा अडवू नका, असं मात्र म्हणाल्या. जानकूनं गाडीचं काढलं. बाई म्हणाल्या, मी चौकशी केली आहे. त्यावर जानकूनं मामांकडं बघितलं. मामा दारात उभे होते, फाटकाची किल्ली चाचपत त्यांनी बाहेर बघितलं. जानकूला वाटलं, बिचारा चाकर माणूस, काय बोलणार? तो हात जोडून निघाला, पोरीला घेऊन गेला, आणि भागू त्या दिवसापासनं शाळेत आली नाही.

मामांना जेवण जाईना. बायको चिमाबाई म्हणाली, डॉक्टरला दाखवून या. मामांनी तिलाही सांगितलं नाही. सांगणार तरी काय, की दोन ओळींच्या शेऱ्याला भिऊन पोरगी शाळेतनं घालवली? ज्या गावात मामा मामा म्हणून मिरवलं, त्या गावात आता कुणी हाक मारली तरी ते ऐकू न आल्यासारखं करून पुढं चालायचे.

ऑगस्टमध्ये बाईंच्या मावसबहिणीकडं मढला बारसं होतं. तिथंच मुक्काम पडला, आणि सकाळी स्कूटर काही केल्या चालू होईना. बाई एसटीत बसल्या. त्याच गाडीत. पोरं त्यांना बघून गप्पगार झाली. बाईंनी कंडक्टरला दोनदा विचारलं, अजून किती वेळ? कंडक्टर म्हणाला, बाई, ही गाडी कवाच टायमात पोचली नाय, मी पंधरा वर्षं बघतोय. फाट्यावर गाडी थांबली तेव्हा अकराला दहा कमी होते. पोरं उतरली ती दुकानाकडं न बघता जी पळत सुटली, ती थेट फाटकापाशी. बाई मागनं चालत आल्या.

मामा आतल्या बाजूला किल्ली घेऊन उभे होते. फाटकाच्या गजांपलीकडं तीस पोरं आणि त्यांच्यात मोठ्या बाई. मामांनी कुलूप काढलं आणि फाटक सताड उघडलं.

पोरांना बाईंनी थेट वर्गात पाठवलं. मग मामांना ऑफिसात बोलावून त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्ही मला सांगितलं होतं, गाडी वेळेवर असते."

मामांना वाटलं, आता मेमो येणार. खरं तर यावा असंच वाटलं. लाल शाईनं लिहावं, चार लोकांत वाचून दाखवावं, निदान हे पोटातलं ओझं तरी उतरेल. पण बाईंनी कागदाला हातच लावला नाही. त्यांनी हजेरीपट मागवला, भागूच्या नावापुढच्या रेघा मोजल्या, आणि रविवारी माझ्याबरोबर कातळवाडीला यायचं असं सांगितलं.

आठवड्याच्या आत त्यांनी शाळेची वेळ बदलली. चोरून नाही. शिक्षकांची सभा घेतली, ठराव लिहिला, जुन्नरच्या ऑफिसात स्वतः जाऊन शिक्का आणला. अकरा ते साडेपाच, फळ्यावर खडूनं लिहिलं. वीस वर्षांत घोलप सरांना सुचलं नाही की भिकामामांना, एवढं सोपं काम ते. मामांनी तो फळा स्वतः पुसून टांगला होता. त्यावरची वेळ वाचतानाही त्यांना तोंड लपवावंसं वाटलं.

रविवारी बाईंच्या स्कूटरवर मागं बसून मामा कातळवाडीला निघाले. एरवी असं मोठ्या बाईंच्या मागं बसून गावातनं जायचं म्हणजे त्यांनी महिनाभर सांगत फिरायची गोष्ट. फाट्यावरच्या पोरांनी टाळ्या पण वाजवल्या. मामांनी मान वर केली नाही. रस्ता संपला तिथं स्कूटर लावून ते बांधाबांधानं वर गेले.

जानकू घरीच होता. त्याची बायको सरूबाई हिनं लगबगीनं घोंगडी अंथरली, कोरा चहा टाकला. भागू खाचरातलं तण बेणायला गेली होती, तिला हाक मारून बोलावलं. बाई घोंगडीवर बसल्या आणि पाहुण्यासारखं इकडचं तिकडचं काही न बोलता सरळ मुद्द्यावर आल्या. चूक माझी झाली, असं त्यांनी जानकूला सांगितलं. शाळेची वेळ बदलली आहे, गेलेले तास मी स्वतः शनिवारी घेईन, बोर्डाच्या फॉर्मला अजून वेळ आहे, मुलीला पाठवा. एवढी मोठी बाई घरी येऊन चूक झाली म्हणते, हे जानकूनं जन्मात ऐकलं नव्हतं.

सरूबाईच मग बोलली. "तुमची काय चूक, बाई? तुमी नवीन. आमच्या मामांनी लई सांगून बगितलं असंल तुमाला. पर चाकर माणसाचं कोण आयकतं?"

मामांनी तोंडाशी नेलेली बशी तशीच माघारी घेतली. आता बाई सांगणार. सांगू देत. बाईंनी मामांकडं बघितलं नाही. कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "हो. मीच ऐकलं नाही."

सरूबाईनं मामांकडं असं काही बघितलं, की बघा, मी म्हटलं नव्हतं? आणि जानकूला म्हणाली, आपल्या माणसाचं असं असतंय. मामांना तिथं बसवेना. पाणी प्यायचं निमित्त करून ते उठले आणि घराच्या मागं गेले.

मागं भागू रांजणापाशी पायाचा चिखल धूत होती. दोन महिन्यांत रापली होती, बोटांची कातडी पाण्यानं पांढरी पडली होती. मामा तिच्यापुढं उभे राहिले. पन्नाशी उलटलेला माणूस, पण पोरीपुढं मान खाली घालून बोलला.

"भागू, बाईन्ला गाडीचं मी सांगितलंच न्हाई. उलट खोटं सांगितलं. तुमी दुकानापाशी रेंगाळता म्हनून."

भागूनं तांब्या खाली ठेवला. तिनं मामांकडं बघितलं ते रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं.

"मला ठावं हाय, मामा. मी व्हरांड्यात हापिसाच्या दाराला लागूनच उबी व्हते. समदं आयकलं."

"मग घरी सांगितलं न्हाईस?"

"कसं सांगू? आयला तुमचा लई भरवसा हाय. मी शाळंत असले तर तिला काय वाटत न्हाई, म्हनती मामा हायेत तितं." ती पदरासारखी ओढणी खोचून उठली. "उद्यापास्नं येते मी. तुमी आयला काय सांगू नगा. तिला लई लागंल."

ती घरात गेली. मामा रांजणाला धरून उभे राहिले. घटकाभरानं बाईंची हाक आली, तेव्हा ते तोंडावर पाणी मारून पुढच्या दाराशी आले. सरूबाई एक गाठोडं घेऊन उभी होती. गेल्या सालचा तांदूळ, दोन-तीन शेर असेल. श्रावणात वाडीवर कुणाच्या घरी तेवढा शिल्लक नसतो, हे मामांना चांगलं माहीत होतं. पोरीसाठी एवढ्या लांब आलात, म्हणून तिनं ते त्यांच्यापुढं केलं. मामा नको नको म्हणत मागं सरले. तशी भागूनं आईच्या हातातनं गाठोडं घेतलं आणि स्वतःच मामांच्या हातात ठेवलं, आणि त्यांना ते घ्यावं लागलं.