मयतीची सूट

मंचरला चिमाजीच्या कांद्याच्या गोदामामागं रोज दुपारी तीन पत्तीचा अड्डा बसायचा. सडक्या कांद्याचा भपकारा, भिंतीवर माव्याच्या पिचकाऱ्या, आणि या सगळ्यावर चिमाजीचा कायदा: जिंकलेल्यानं दिवे लागेपर्यंत उठायचं नाय. सूट फक्त एकाला, ज्याच्या घरी मयत झाली त्याला.

त्या दिवशी तीन वाजेपर्यंत भिमाजीनं चाळीस हजार ओढले. असल्या घाणीत आपण येऊन बसतो याची त्याला शिसारी यायची, तरी मेला यायचाच. आज मात्र कारण होतं. पोरीच्या, तेजस्विनीच्या नर्सिंगच्या फीचे चाळीस हजार त्यानं गेल्या आठवड्यात याच सतरंजीवर घालवले होते. घरात कुणालाच पत्ता नव्हता. आज फी भरायचा शेवटचा दिवस. पोरगी जुन्नरला कॉलेजच्या ऑफिसात बापाची वाट बघत बसलेली, आणि ऑफिस पाचला बंद.

तो उठायला लागला तसा शेजारी खेळणाऱ्या जानकूनं त्याचा सदरा धरला. जिंकून पळतोस व्हय, म्हणाला. भिमाजीनं फीचं सांगितलं, तर सगळे फिदीफिदी हसले. गेल्या आठवड्यात बरी नाय आठवली फी, असं म्हणत चिमाजी पत्ते पिसत राहिला. थू यांच्या जिंदगानीवर, भिमाजीच्या मनात आलं. आणखी एक डाव बसलो की हे पैसे गेलेच, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्यानं मोबाइल काढला, कानाला लावला आणि तोंड पाडलं.

"सासू गेली," तो म्हणाला.

सासू द्रौपदाबाई जुन्नरात धडधाकट होती. दहावीपासून तेजस्विनी तिच्याकडंच राहून शिकत होती.

पत्ते जागच्या जागी पडले. जानकूनं सदरा सोडून पाठीवर हात ठेवला. भिमाजी नको नको म्हणत होता, मोटरसायकलवर जातो म्हणत होता, पण ऐकतंय कोण? मयतीला माणसाला एकटं सोडायची रीतच नाही. त्याला चिमाजीच्या जीपमध्ये मधोमध बसवलं. दुःखातल्या माणसाला फोनचा ताप नको, म्हणून चिमाजीनं त्याचा मोबाइलही आपल्याकडं घेतला. मघाशी अंगावर धावून येणारे आता त्याला पाणी पाजत होते. भिमाजीला आता त्यांच्यापेक्षा स्वतःचीच जास्त किळस यायला लागली.

जुन्नरात उतरलो की कायतरी थाप मारून सटकू, असा तो विचार करत होता. नारायणगाव मागं पडलं आणि चिमाजीच्या हातातला मोबाइल वाजला.

"तेजस्विनी, मी चिमाजीकाका बोलतोय," चिमाजी हळू आवाजात म्हणाला. "बाय, मन घट्ट कर. तुजी आजी गेली. फीचं ऱ्हाऊ दे आता. ऊठ तिथनं आन् घरी जा."

पलीकडून पोरीनं फोडलेला हंबरडा जीपभर ऐकू आला.

सव्वाचार झाले होते. अजून वेळ होता. खोटं बोललो, एवढं म्हटलं असतं तरी पोरगी ऑफिसातच थांबली असती. पण मग जीप तिथूनच माघारी फिरली असती, आणि पैसे परत त्या सतरंजीवर गेले असते. भिमाजीनं तोंड उघडलं.

मग त्यानं टॉवेल तोंडावर ओढला, दुसऱ्या हातानं खिसा दाबून धरला आणि हुंदके द्यायला सुरुवात केली. जानकू त्याची पाठ चोळत राहिला.