कागदावरचे चार मजले

भूकंपानंतरच्या दुसऱ्या सकाळी नुकसान मोजणारा इंजिनियर तुंजाय आमच्या गल्लीत आला, पण गाडीतून उतरला नाही. मांडीवरच्या टॅबच्या पडद्यावर कोपऱ्यावरच्या इमारतीचा उपग्रहानं काढलेला फोटो होता. छप्पर अखंड. पालिकेच्या नोंदीत चार मजले, गाडीच्या काचेतून मोजले तर चार उभे. त्यानं यादीत इमारतीच्या नावापुढे लिहिलं : नुकसान किरकोळ, ढिगारा नाही. म्हणजे इथं पोकलेन येणार नव्हतं.

गुलसुम गाडीला आडवी आली. "माझा भाऊ आत आहे. इल्हामी. भूकंपाच्या पहाटे खालच्या दुकानात पावाची भट्टी पेटवत होता."

"बाई, कुठंय भट्टी? चारच्या चार मजले समोर दिसतायत."

"पाच होते! वरचा चोरून चढवलेला. खालचा जमिनीत बसलाय. विचारा यांना."

घरमालक रुस्तुम अंगाला चादर गुंडाळून कोपऱ्यात उभे होते. अंताक्या शहरातली ही अर्धी गल्ली त्यांनीच बांधलेली. "पोरीचं डोकं ठिकाणावर नाही, साहेब. चारच."

"मग पाचव्या मजल्यावर मी काय हवेत राहत होते, काका?"

गुलसुमनं गाडीचं दार उघडलं, तुंजायची बाही धरली आणि विटा तुडवत त्याला ओढत नेलं. रस्त्यावरून एक पाऊल टाकलं, ते थेट बाल्कनीत. दोरीवर कुणाचे तरी मोजे वाळत होते.

"रस्त्याला लागून बाल्कनी कोण बांधतं? इंजिनियर ना तुम्ही?"

तुंजायनं वाकून पाहिलं. कठड्याखाली दुकानाच्या पाटीचा कोपरा चेपला होता. त्यानं नोंद खोडली आणि वायरलेसवर पोकलेन मागवलं.

पोकलेन आलं. चालकानं विचारलं, "खालचे खांब कुठं आहेत? अंदाजानं खणलं तर वरचे चार मजले आतल्या माणसाच्या अंगावर येतील."

रुस्तुम हळूच मागे सरकत होते. गुलसुमनं चादर धरली. "कुठं चाललास? दोन दुकानांचं एक केलंस, तेव्हा कुठले खांब तोडलेस?"

"आता आठवतंय का ते..."

"आठव! नाहीतर आधी तुला आत ढकलते."

गल्ली बघत होती. रुस्तुमनं मागच्या बोळाकडे हात केला. "मधले तोडले. मागच्या भिंतीला दोन शाबूत आहेत. तिकडून जा."

चालकानं पोकलेन मागच्या बोळात घातलं. गुलसुमनं चादर सोडली नाही.

"तो बाहेर येईपर्यंत इथंच उभा राहायचंस."