झोळीची दोरी

उंबऱ्याला अडखळून माघी पालथी पडली. गुडघ्यावर रक्ताचे तीन बारीक ठिपके उमटले. वीस महिन्यांची पोर, पण रडली नाही. हातांवर भार देऊन उठली आणि कोंबडीमागे गेली. चार पावलांवर तिची आई गंगी नाचणी पाखडत होती. तिच्याकडे माघीची नजरसुद्धा वळली नाही.

"गुणाची हाय," सासू सरू म्हणाली. "हू नाय की चू नाय."

गंगीचं सूप थांबलं. परवा अंगणवाडीतही माघी वजनकाट्याला अशीच गप लटकून राहिली होती. नऊ किलो दोनशे. "वजन चांगलं आहे," अंगणवाडीच्या योगिताताई म्हणाल्या, पण वही मिटेनात. "बोलते काय?"

"पहिली मला 'आया' करायची. आता नाय."

"तू वीटभट्टीवर निघालीस तेव्हा जागी होती?"

"निजलेली. तवाच निघतात ना सगळ्या, ताई."

पाड्याची रीतच ती. पोर रडलं की आईचा पाय निघत नाही. म्हणून त्याला झोळीत निजवायचं, एक मोठा झोका द्यायचा आणि झोळी थांबायच्या आत गाडीत बसायचं. गंगीचा पहिला मुलगा भट्टीवरच्या झोपडीत तापाने गेला होता. ही तरी घरी जगेल, म्हणून नऊ महिन्यांच्या माघीला तिने तसाच झोका दिला होता. ती परतली सात महिन्यांनी.

"आठ दिस रडली," सरूने तेव्हा सांगितलं होतं. "मंग शहाणी झाली."

पावसाळाभर सरूने दोरी ओढली की माघी निजायची. गंगीने ओढली की डोळे ताणून जागी राहायची. पोर आपल्याला ओळखत नाही, असंच गंगी समजून चालली होती. ताईंच्या प्रश्नानंतर तिला उमगलं. ओळखते, म्हणूनच निजत नाही.

आषाढात तिने एकदा नवऱ्यापाशी विषय काढला होता. "तू नाय आलीस तर मला एकट्याला कोण घेल?" एवढंच लक्ष्या म्हणाला होता. खरंच होतं ते. भट्टीवर नवराबायकोची जोडीच लागते.

दुपारी भट्टीवर माणसं नेणारा मुकादम आला, ओट्यावर टेकला. "काय लक्ष्या, दिवाळीमागून गाडी लावतो. तुमची जोडी धरू ना?"

"धरा की."

"गंगे, पोरीची काळजी नको करू. विसरली आसंल तुला कवाच!" तो हसला. सरूही हसली.

गंगीच्या हातात झोळीची दोरी होती. आत माघी टक्क जागी होती. पापण्या जड झालेल्या, तरी मिटत नव्हत्या. गंगीने दोरी सोडली. झोळी हळूहळू थांबली. ती पूर्ण थांबेपर्यंत गंगी तिथेच उभी राहिली.

"जोडी धरू नका, मुकादम," ती म्हणाली. "मी येणार नाय."